मामा, अजून सहा महिने थांब

कॉम्प्युटर घ्यायचा विचार आहे? उत्तम. विचारच करा. विचाराला जीएसटी नाही, कॉम्प्युटरला १८ टक्के आहे.

आता माझंच बघा. घरातल्या एका खोलीत डीटीपीचा, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचा, धंदा. मशीन २०१६चं, सहाव्या पिढीचा इंटेलचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. २०२२च्या गणपतीत पहिल्यांदा वाटलं की आता बदलायला हवं. मी शहाणा, हिंजवडीत नोकरीला असलेल्या भाच्याला विचारलं. "मामा, वेडा आहेस का? ऑक्टोबरात तेरावी पिढी येतेय." थांबलो. ती आली, तर म्हणाला आत्ताच आलीय, भाव उतरू दे. भाव उतरेपर्यंत चौदावी दाराशी. २०२३च्या ऑक्टोबरात चौदावी आली, तर म्हणे, "ही तेरावीच आहे रे, रंगसफेदी केलेली." पुढच्या वर्षी या दोन्ही पिढ्यांच्या वरच्या दर्जाच्या चिप जास्त व्होल्टेजमुळे खराब होतायत अशी बोंब झाली. इंटेलला मायक्रोकोडचा, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांचा, पॅच काढावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्या दिवशी भाच्याचा फोन: "बघ! थांबलास म्हणून वाचलास." मी घरात पेढे वाटले.

तेव्हा पहिलं लक्षात ठेवा, थांबणारा कधी फसत नाही. फसायला त्याच्याकडे काही असावं तर लागतं.

दुसरं, इंटेलच्या चिपांची नावं पाठ करा. अल्डर लेक, रॅप्टर लेक, मेटिऑर लेक, ॲरो लेक, लूनार लेक, पँथर लेक. आमचं कात्रजचं तळं पेशवाईपासून एका जागी आहे, यांचं दर वर्षी नवं. तुम्ही काठावर टॉवेल घेऊन उभे राहायचं आणि पुढच्या तळ्याबद्दल बोलायचं.

दसऱ्याला घेऊ नका, दिवाळीत ऑफर असतात. दिवाळीत घेऊ नका, वर्षअखेरीला नवीन मॉडेलं असतात.

सॉकेटची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेची, काळजी जरूर करा. बारावी, तेरावी, चौदावी एलजीए १७०० वर बसायच्या, मग १८५१ आला. "पुढे अपग्रेड होईल ना?" हे दुकानदाराला तीनदा विचारा. आयुष्यात एकदाही आपण नुसता प्रोसेसर बदललेला नाही, हे त्याला कशाला सांगायचं?

यूट्यूबवर कुठल्या चिपवर कुठला गेम किती फ्रेमने पळतो त्याचे आलेख बघा. रोज रात्री बघा. सकाळी उठून टॅलीत बिलं करायची आहेतच.

आणि रॅम अगदी शेवटी घ्या. रॅम काय, कधीही मिळते. २०२५च्या ऑगस्टमध्ये टिळक रोडवरच्या दुकानदाराने बिलबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने कोटेशन लिहून दिलं होतं. डीडीआर-५ या नव्या जातीच्या रॅमची १६ जीबीची एक पट्टी, ४,५०० रुपये. मी कागद घडी घालून पाकिटात ठेवला, कारण भाचा म्हणाला होता जानेवारीत नवीन येतंय. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझ्या सहाव्या पिढीला ११ चालत नाही, आठवीपासून पुढे लागते. त्याच आठवड्यात दिवाळी अंकाचं काम अंगावर. २१२ पानं, जाहिराती धरून. रात्री दीड वाजता पीडीएफ काढायला लावली. पडद्यावरची टक्क्यांची पट्टी सरकत सरकत ऐंशीच्या पुढे गेली आणि थांबली. माउसचा बाण गोल फिरतोय. मी बसलोय. चहा केला, प्यायलो, बाण फिरतोच आहे. तीनला मशीन स्वतःहून बंद पडलं. सकाळी छापखान्यातून फोन, "साहेब, प्लेटा कधी?" अंक पाडव्यानंतर निघाला. दिवाळी अंक पाडव्यानंतर म्हणजे काय, ते या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. जाहिरातदारांनी पैसे कापले, संपादकांनी पुढच्या वर्षीसाठी दुसरा माणूस बघितला.

आणि तेवढ्यात रॅमचं काय झालं? एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि तिघांनाही आपल्यासारख्या एकेक पट्टीवाल्यापेक्षा ते गिऱ्हाईक गोड. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशिअल हा सामान्य गिऱ्हाइकांचा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. संक्रांतीनंतर मी तोच घडीचा कागद घेऊन त्याच दुकानात गेलो. त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाला, "१४,०००. आजचा भाव. उद्याचं विचारू नका." जुन्या मशीनमधली काढून लावावी, तर ती डीडीआर-४, नव्या बोर्डात बसत नाही. मी तीन वर्षं प्रोसेसरची वाट बघत होतो आणि इकडे रॅम निघून गेली.

भाच्याला सांगितलं. तो काय म्हणाला असेल? "मामा, आता तर अजिबात घेऊ नकोस. रॅम उतरू दे. आणि वर्षअखेरीला नोव्हा लेक येतोय."

अरे, चुलीत गेला तुझा लेक! तुझं काय जातंय? तुला कंपनीने लॅपटॉप दिलाय, दर तीन वर्षांनी बदलून देते. सल्ला तू द्यायचा आणि रात्री दीड वाजता बाण बघत मी बसायचं.

आणि तुम्ही, जे हे वाचून मान डोलावताय, तुम्हीही काही कमी नाही. "अभ्यास चालू आहे" म्हणता. कसला अभ्यास? तीन वर्षांत पोरगं बीकॉम होतं. तुमचं मशीन फाइल उघडायला चार मिनिटं घेतं, दिवसात दहा फाइली उघडता, म्हणजे चाळीस मिनिटं रोज घालवता आणि वर म्हणता दहा टक्के वेगवान चिप येतेय. दहा टक्क्यांनी तुमचं काय होणार आहे? वर्डमध्ये अर्ज लिहिता, मुलीचा फॉर्म भरता, फोटो ठेवता. चालतंय तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका आणि गपचूप वापरा. काम अडतंय तर दुकानात जा, आहे त्यातलं मधलं घ्या, घरी या. पुढच्या महिन्यात नवीन येणारच आहे, ते त्याच्या पुढच्या महिन्यात जुनं होणार आहे. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. पैसे काढायला हात होत नाही, तर तसं सरळ म्हणा. इंटेलच्या नावावर कशाला खपवता?

मी काल ऑर्डर दिली. रॅम १४,०००ने नाही, आता १४,८०० झालीय. शुक्रवारी मशीन येईल, दुकानदार म्हणालाय. तोवर हे बायकोच्या लॅपटॉपवर टाइप करतोय, आणि तिला तो आठ वाजता परत हवाय.