तोंडातलं अनधिकृत बांधकाम

“रोज दात घासता ना?” हा प्रश्न दातांच्या डॉक्टरीणबाई नेमका अशा वेळी विचारतात, जेव्हा माझ्या तोंडात आरसा, लाळ ओढणारी नळी आणि त्यांची दोन बोटं असतात. माझं बाणेदार उत्तर “आँ हाँ” एवढंच बाहेर पडतं. मग खालच्या पुढच्या दातांच्या मागून टोकदार हत्यार फिरतं. कर्रर्र! आवाज कानात नाही, थेट कवटीत. “बघा, केवढं कीटण!” कापसावर पिवळट खपली. लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात, लाळेतलं कॅल्शियम बसतं आणि दातांवरच्या जंतूंच्या मऊ थराचा दगड होतो म्हणे. म्हणजे सिमेंटही माझंच.

मी इरेला पेटलो. डोळ्यांत पाणी येईस्तोवर जळजळीत माउथवॉशच्या गुळण्या केल्या. गालांची सालं निघाली; जंतू ठणठणीत.

कारण ते सुटे राहतच नाहीत. दात घासल्यावर काही मिनिटांत लाळेतली प्रथिनं त्यावर पातळ थर देतात, म्हणजे जागा सारवून तयार. आधी स्ट्रेप्टोकॉकस मंडळी चिकटतात, त्यांना धरून फ्युजोबॅक्टेरियम येतो, आणि त्याच्या वशिल्याने हिरड्यांचे खरे वैरी. ओसरी दिली की हातपाय पसरणारे! मी गोड खाल्लं की काही जण त्या साखरेचा डिंक करून वर छप्पर घालतात. या वसाहतीला बायोफिल्म म्हणतात. औषध वरच्या मजल्यावरच अडतं. तळघरातले जंतू अर्धपोटी, सुस्त पडलेले. आणि बरीच प्रतिजैविकं वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. आळशीपणामुळे जीव वाचतो, हे मला लहानपणी कोणी सांगितलं असतं तर!

लेव्हेनहूक नावाच्या डच कापडव्यापाऱ्याने १६८० च्या दशकात स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली पाहिला होता. व्हिनेगरने बाहेरचेच जीव मेले, आतले नाहीत, हेही त्याने लिहून ठेवलंय. ही बातमी माझ्यापर्यंत पोचायला तीनशेहून जास्त वर्षं आणि माउथवॉशच्या अडीच बाटल्या लागल्या.

बाईंचं म्हणणं एकच: बांधकाम खरवडूनच पाडायचं, तेही रोज, कारण रात्रीतून पुन्हा उभं राहतं. म्हणून आता फ्लॉसचा दोरा. शेवटच्या दाढेमागे तो न्यायचा तर दोन्ही हात मनगटापर्यंत तोंडात घालावे लागतात. काल तसाच अडकलो असताना बाथरूमचं दार वाजलं.

“अहो, आत झोपलात की काय?”

“आँ हाँ,” मी म्हणालो.