चालता कार्टून स्टुडिओ बुडवायची शास्त्रशुद्ध रीत

तुमच्या हाती चालता कार्टून स्टुडिओ लागला असेल आणि तो बुडवायचा असेल, तर नुसतं कुलूप लावून मोकळे होऊ नका. कुलूप कुणीही लावतं. कॅलिफोर्नियातल्या फिल्मेशनचा नमुना समोर ठेवा. लू शायमर, हॅल सदरलँड आणि नॉर्म प्रेस्कॉट यांनी तो १९६२ साली उभा केला आणि १९८९ साली तो अगदी कायदेशीरपणे संपला.

सुरुवात मालकापासून करा. चित्रं काढण्याशी ज्याचा सुतराम संबंध नाही, असाच शोधा. फिल्मेशन १९६९ मध्ये टेलिप्रॉम्प्टर या केबल कंपनीकडे गेला. १९८१ मध्ये ती कंपनीच वेस्टिंगहाउसने घेतली आणि अणुभट्ट्या बनवणाऱ्यांच्या ताळेबंदात कार्टूनं आली. अशा मालकाला स्टुडिओ आवडत नाही आणि नावडतही नाही, त्यामुळे पुढची कामं सोपी जातात.

अडचण एकच. बुडवायचा स्टुडिओ काटकसरी निघाला तर तो लवकर बुडत नाही. फिल्मेशनवाले एकदा मेहनतीने काढलेलं चालणं, धावणं, वळून पाहणं जपून ठेवत आणि पार्श्वभूमी बदलून पुनःपुन्हा वापरत. संवाद असला की चेहरा जवळून दाखवायचा, ओठ आणि डोळे तेवढे हलवायचे, बाकी चित्र जागेवर. त्यांच्या ‘ही-मॅन’ या मालिकेतल्या नायकाचं तलवार उंचावून होणारं रूपांतर दूरदर्शनवर पाहिलेल्यांना ते पाठ झालं होतं, ते उगाच नव्हे. त्याच मालिकेतल्या ऑर्को या पात्राचा आवाज तर खुद्द शायमर काढायचे. मालक माइकसमोर उभा राहिला की एका कलाकाराचं मानधन वाचतं.

ही बचत कशासाठी, तर इतर स्टुडिओ चित्रकाम परदेशी धाडत असताना हे लोक एखाददुसरा अपवाद सोडला तर सगळं लॉस एंजेलिसमध्येच करत. १९८३ मध्ये ही-मॅन कुठल्याही मोठ्या नेटवर्कशिवाय थेट स्थानिक वाहिन्यांना विकला गेला. पहिल्या वर्षी ६५ भाग, म्हणजे आठवड्याला पाच या हिशेबाने तेरा आठवडे. नंतर आणखी ६५. मागे मॅटेलची खेळणी होतीच. इतकं चालल्यावर प्रत्येकाने तेच सुरू केलं. बाजारात ६५-६५ भागांचा ढीग पडला, १९८७ मध्ये डिस्नीही ‘डकटेल्स’ घेऊन उतरलं आणि फिल्मेशनचा ‘ब्रेव्हस्टार’ गर्दीत मागे पडला. तुम्ही काहीच केलं नाहीत तरी इथवरचं काम बाजार करून देतो.

आता मुहूर्त. हा भाग चुकला तर सगळं महागात पडतं. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने अशी जागा बंद करण्याआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी, असा अमेरिकी कायदा ४ फेब्रुवारी १९८९ पासून लागू होणार होता. फिल्मेशन बंद झाला ३ फेब्रुवारीला, शुक्रवारी. पंचांग बघून लग्न लावणारेही इतका काटेकोर मुहूर्त काढत नाहीत. वेस्टिंगहाउसने तो विकला होता. खरेदीदार होता लोरिआलच्या पुढाकाराचा एक गट. सौंदर्यप्रसाधनवाल्यांना माणसं नको होती, जुन्या मालिकांचा साठा हवा होता.

साठा मिळाला की तो हातोहात फिरवत ठेवा. तो पुढे हॉलमार्क या कंपनीकडे आला. तिथे फिल्मवरच्या मालिका पॅल या युरोपातल्या टीव्ही-पद्धतीच्या डिजिटल टेपवर उतरवल्या गेल्या आणि मूळ फिल्म बहुतांशी टाकून दिली गेली, असं नंतर डीव्हीडी काढायला बसलेल्यांच्या लक्षात आलं. सेकंदाला २४ चौकटींची (फ्रेमची) फिल्म पॅलमध्ये २५ ने पळते. बावीस मिनिटांचा भाग सुमारे ५३ सेकंद आधी संपतो आणि आवाज जवळजवळ पाऊण पट्टी वर चढतो. पुन्हा अमेरिकेत दाखवायचा तर उलटं रूपांतर करा, म्हणजे हालचालींत चौकटी एकमेकींत मिसळून धुरकट होतात. मूळ फिल्म असती तर ती पुन्हा स्कॅन करून प्रश्न मिटला असता. म्हणून फिल्म ठेवायचीच नाही. गोदामाचं भाडंही वाचतं.

त्यानंतर मालक बदलण्याचा वेग वाढवा. २००४ मध्ये साठा एंटरटेनमेंट राइट्सने घेतला. २००९ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीच्या वाटेला लागली आणि साठा क्लासिक मीडिया या कंपनीबरोबर गेला. क्लासिक मीडियाला २०१२ मध्ये ड्रीमवर्क्सने १५.५ कोटी डॉलरला घेतलं आणि ड्रीमवर्क्सला २०१६ मध्ये एनबीसीयुनिव्हर्सलने ३.८ अब्ज डॉलरला.

एवढं झाल्यावर यादी घेऊन बसा आणि आपलं काय ते शोधा. फिल्मेशनने कार्टूनमध्ये आणलेला सुपरमॅन वॉर्नरकडे, स्टार ट्रेक पॅरामाउंटकडे. ही-मॅनचे जुने भाग एकाचे, तर ही-मॅन स्वतः मॅटेलचा. म्हणजे भाग तुम्ही दाखवायचे आणि तलवार त्यांनी विकायची. ‘घोस्टबस्टर्स’ हे नाव फिल्मेशनने १९७५ मध्येच वापरलं होतं, म्हणून कोलंबिया या चित्रपट कंपनीला आपल्या १९८४ च्या चित्रपटासाठी ते परवानगीने घ्यावं लागलं. १९८६ मध्ये फिल्मेशनने त्याच नावाचं कार्टून काढल्यावर कोलंबियाने आपल्या कार्टूनच्या नावापुढे ‘रिअल’ जोडलं. खरेदीपत्रावर सही करण्याआधी वकिलाला विचारून घ्या, की यातले कुठले घोस्टबस्टर्स तुमच्या वाट्याला येताहेत.