फवारणी सुरक्षित कशी कराल? (नागपुरात बसून)

वावर कळमेश्वरच्या अंगाला आणि राहणं प्रतापनगरात तिसऱ्या माळ्यावर, असं तुमचं शेतकरीपण असेल तर अभिनंदन. फवारणीच्या सुरक्षिततेचे निम्मे नियम तुम्ही न वाचताच पाळता. औषधाचा अंगाला स्पर्श होऊ देऊ नका, तुषार नाकातोंडात जाऊ देऊ नका, नुकत्याच फवारलेल्या शेतात पाय टाकू नका. तुम्ही तर दिवाळीपर्यंत टाकत नाही. उरलेले निम्मे नियम ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याचे. त्याला ते ठाऊक नसतील तर त्यात तुमचा काय दोष?

खरेदीपासून सुरुवात करा. कृषी केंद्रवाला कपाशीचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठी एक औषध देईल, बोंडअळीसाठी दुसरं देईल आणि वरून एक टॉनिक. तिन्ही एकाच पंपात ढवळायला सांगा, मजुरी वाचते. डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याचा खालचा त्रिकोण लाल असेल तर विष सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल निवडा, पैसे वसूल होतात. आतल्या घडीपत्रकावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सगळी काळजी लिहिलेली असते. ते पत्रक काढून पाकिटात ठेवा. पुढेमागे ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणायला बरं.

आता कायदा. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. फवारणाऱ्याची कामावर घेण्यापूर्वी डॉक्टरी तपासणी करा, मग दरवर्षी करा, त्याला प्रशिक्षण द्या, असं नियम म्हणतात. अंगभर कपडे, निम्म्या हातापर्यंत येणारे रबरी मोजे, चष्मा, बूट, नाकाला श्वसनसाधन हेही द्या म्हणतात. वाचून हसू येतं ना? सप्टेंबरच्या उकाड्यात, छातीभर पऱ्हाटीत (म्हणजे कपाशीत), पाठीवर भरलेला पंप घेऊन हा सगळा पोशाख! माणूस विषाआधी घामानेच जाईल. म्हणून त्याच्या गळ्यातला दुपट्टा नाकाला बांधायला सांगा. दुपट्टा भिजतो, औषध दिवसभर नाकाशी राहतं, हे मनावर घेऊ नका. या पोशाखाच्या किट वाटपाचा कार्यक्रम असला तर मात्र किट जरूर घ्या. फोटो झाला की ते कपाटात ठेवा, मळतं.

पैसे रोजाने देऊ नका, पंपामागे ठरवा. ही खरी किल्ली. मग तो वारा पाहत नाही, दुपारचं ऊन पाहत नाही, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकतो आणि हात न धुता भाकर खातो. यातलं काहीही तुम्ही सांगितलेलं नसतं.

कुणी २०१७ ची आठवण काढली तर गडबडू नका. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. उत्तर तयारच आहे: ‘त्यांनी किट वापरलं नाही.’ किट कुणी द्यायचं होतं, हा प्रश्न यायच्या आत विषय बदला. कापसाची केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच वर्धा रोडवर आहे, हे अभिमानाने सांगा.

रिकाम्या डब्याबद्दलही नियम आहे: मोडा, वस्तीपासून दूर पुरा. इतकं छान झाकण असलेलं भांडं पुरायचं? मजुराच्या घरी न्या म्हणावं, पाण्याला होतं.

आणि एखाद्या दुपारी फोन येईलच. ‘भाऊ, चक्कर येऊन राहिली, डोळ्यानं धुरकट दिसते.’ ‘काहून, सकाळी जेवला नाही का?’ एवढं विचारा. घाम, लाळ, उलट्या, टाचणीएवढी झालेली बाहुली, धाप ही लक्षणं सेंद्रिय फॉस्फरसवाल्या विषाची. त्यावर अ‍ॅट्रोपिन वेळेत पडावं लागतं. पण तुम्ही डॉक्टर थोडेच आहात! लिंबूपाणी पाजून सावलीत निजवायला सांगा. संध्याकाळी फरक नाही पडला तर मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात न्यावं. तिथे डॉक्टर विचारतील, कोणतं औषध होतं? डबा तर पाणी भरायला गेलेला, पत्रक तुमच्या पाकिटात आणि पंपात तीन औषधं एकत्र. त्यांनाही जरा डोकं चालवू द्या.

विम्यासारखी शासकीय योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची. जंतुनाशक हाताळताना विषबाधेने मृत्यू आला तर २ लाख रुपये. मात्र खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेल्या तुम्हाला. प्रतापनगरात तुडतुड्यांचं प्रमाण बघता तुम्हाला तिचा उपयोग होणं कठीण, पण संरक्षण असलेलं बरं. मजुराच्या नावावर सातबारा नाही, त्याला कोण काय करणार.

त्याच्या घरचे हिशेबाला आले की चहा पाजा, पंप मोजून पैसे द्या. शेवटचा पंप धरू नका. तो त्याने अर्धाच मारला होता.