धातूची धूळ जड म्हणून निरुपद्रवी? नाही

ग्राइंडिंग-वेल्डिंग करणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘धातूची धूळ जड असते, लगेच खाली बसते. थोडी आत गेली तरी खोकल्यातून पडून जाते. खरा धोका दगडाच्या धुळीचा. नाकाला रुमाल बांधा, एक्स-रे चांगला आला की निर्धास्त राहा.’ यावर विश्वास ठेवून लोक अंगावर काढत राहतात, म्हणून हे लिहितोय.

‘जड असते.’ खाली बसतो तो डोळ्यांना दिसणारा कीस. वेल्डिंगच्या धुरातले आणि घासताना सुटणारे एखाद्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाच्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

‘खोकल्यातून पडते.’ श्वासनळीतली पडते, कारण तिथल्या सूक्ष्म पक्ष्मिका (केसांसारखे हलणारे तंतू) कफ वर ढकलतात. वायुकोशांत पक्ष्मिकाच नाहीत. तिथले कण वर्षानुवर्षं राहू शकतात. काळा कफ पडला म्हणजे छाती साफ झाली असं नव्हे. धूळ आत जात होती, एवढंच त्यावरून कळतं.

‘धोका फक्त दगडाच्या धुळीचा.’ हा गैरसमज कुठून आला ते समजतं. नुसत्या लोखंडाच्या धुळीनं सिडेरोसिस होतो, म्हणजे फुफ्फुसात लोखंडाचे कण साचून एक्स-रेवर ठिपके दिसतात. १९३६ मध्ये वेल्डरांच्या एक्स-रेवर असे ठिपके दिसल्याची नोंद झाली. त्यात बहुधा दम फारसा लागत नाही, काम सुटल्यावर ठिपके कमीही होतात. पण लोखंडाचं हे सगळ्या धातूंना लावायचं कसं? टंगस्टन कार्बाइडच्या (खूप कठीण मिश्रणाच्या) टूलना धार लावताना त्यातला कोबाल्ट हा धातू उडतो; त्यानं दमा होतो, काहींच्या फुफ्फुसात कायमचे व्रण पडतात. कोबाल्ट कुलंटमध्ये (टूल थंड ठेवणाऱ्या द्रवात) विरघळतो, म्हणजे ओल्या कामातही तुषारांमधून तो आत जातोच. बेरिलियम या धातूचं तर आणखी वाईट. १९४६ मध्ये हॅरिएट हार्डी आणि आयर्विंग टॅबरशॉ या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या फ्लोरोसंट दिव्यांच्या कामगारांमध्ये त्यानं होणारा फुफ्फुसाचा आजार नोंदवला. काम सोडून वर्षं उलटल्यावरही तो उद्भवतो, आणि कामाच्या कपड्यांवरून घरी गेलेल्या धुळीनं घरच्यांनाही झालेला आहे. शिवाय लोखंडाच्या वेल्डिंगमध्येही नुसतं लोखंड नसतं: वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये ठरवलं.

रुमालाबद्दल फार लिहायला नको. कापडाच्या विणीतून हे कण आरपार जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा, योग्य फिल्टरचा मास्क लागतो आणि त्याहून आधी, धूळ सुटते तिथूनच ती ओढून घेणारी व्यवस्था लागते. अंगावरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवली तर तीच पुन्हा श्वासात येते.

राहिला एक्स-रे. सिडेरोसिसमध्ये तो भयंकर दिसतो आणि माणूस बरा असतो. कोबाल्ट-बेरिलियमच्या आजारात सुरुवातीला तो चांगला येऊ शकतो आणि माणसाला जिना चढताना धाप लागत असते. त्यामुळे श्वासक्षमतेची तपासणी आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅनही लागतो. डॉक्टरांना ‘कंपनीत कामाला आहे’ एवढंच सांगून थांबू नका. कोणता धातू, किती वर्षं, घासकाम की वेल्डिंग, सुट्टीवर असताना खोकला कमी होतो का, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.