व्हिक्टोरियन गृहिणीवर गोडसा लेख कसा लिहावा

परवा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडवर असा आणखी एक लेख वाचनात आला. 'पूर्वीच्या इंग्लंडात बाई घरी असायची, म्हणून घराला घरपण होतं' इथून सुरुवात आणि 'आपण काय गमावलं?' इथे शेवट. मधल्या भागात चहाची किटली, लेसचे पडदे आणि शेकोटीपुढे बसून केलेलं भरतकाम. दिवाळी अंक असो, महिला दिन असो की व्याख्यानमाला, हा माल हातोहात खपतो. एवढी मागणी आहे तर होतकरू लेखकांना थोडं मार्गदर्शन करावं म्हटलं. घ्या लिहून.

पहिलं म्हणजे गाव जपून निवडा. बाथ, चेल्टनहॅम अशी सुखवस्तू गावं चालतील. लँकेशरमधल्या प्रेस्टनच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथे सूतगिरण्या आणि कापडगिरण्या आहेत, आणि लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या बायकाही मागावर उभ्या आहेत. एकेकीकडे दोन, तीन, कधी चार माग. आवाज असा की शेजारणीशी बोलायचं तर ओठांच्या हालचालींवरून समजून घ्यायचं. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकाला ओठ लावून ओढून घ्यायचं, त्याबरोबर कापसाची धूळही पोटात. १८५० च्या कायद्याने वेळ ठरवून दिली ती सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मधे जेवणखाणाला दीड तास, शनिवारी दुपारी दोनला सुट्टी. तुमच्या लेखातलं घरपण या बाईला संध्याकाळी सहानंतर उरकावं लागेल. त्यापेक्षा बाथच बरं.

मोलकरीण दाखवाच. ती कुणाच्या तरी घरची तेरा वर्षांची पोर आहे, हे लिहू नका.

आता पुरावा. पुराव्याशिवाय लेखाला वजन येत नाही, तेव्हा जनगणना उघडा. बाईच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना कोरा दिसला की आनंदाने लिहा, 'ती काही काम करत नसे.' १८४१ च्या जनगणनेत गणकांना लेखी सूचनाच होती की बायकोचा, किंवा आईबापांना हातभार लावणाऱ्या पण मजुरी न घेणाऱ्या मुलामुलींचा व्यवसाय लिहिण्याची गरज नाही. ती सूचना वाचायच्या भानगडीत पडू नका. १८८१ मध्ये तर घर चालवणाऱ्या बायकांना सरळ बिनकामाच्या वर्गात टाकलं, ते तुमच्या फायद्याचंच आहे. मात्र त्याच पानावर खाली नजर जाऊ देऊ नका. खाली बऱ्याचदा 'लॉजर', म्हणजे घरात पैसे देऊन राहणारे, म्हणून दोन-तीन नावं असतात. कुणी सूतकातणारा, कुणी हमाल, प्रत्येकाचा व्यवसाय व्यवस्थित नोंदलेला. त्यांचं अंथरूण, त्यांचा नाश्ता आणि त्यांचे घामट सदरे कुणाच्या अंगावर पडत होते, असा प्रश्न एखादा चावट वाचक विचारू शकतो. त्यांचं भाडं म्हणजे घरातली दुसरी मिळकत. ती कमावणारीचा रकाना कोराच.

नवरा शनिवारी पगार आणून बायकोच्या हातात ठेवतो, हे दृश्य हवंच. वाटेत गुत्ता लागत नाही. (संपूर्ण दारूबंदीची सात जणांची प्रसिद्ध शपथ १८३२ साली याच प्रेस्टनमध्ये झाली. गावात तिची गरज का पडली असेल, हे आपण कशाला विचारायचं?) बायको स्वतः गिरणीत जात असेल तर तिच्या मजुरीबद्दल मौन पाळा, कारण १८७० पर्यंत ती मजुरी कायद्याने नवऱ्याच्या मालकीची होती. हातात पडल्या क्षणापासून.

काटकसरीवर एक हळवा परिच्छेद टाका, पण गहाणवटीचं दुकान त्यात येऊ देऊ नका. तिथे दर सोमवारी नवऱ्याचा रविवारचा सूट ठेवायचा आणि शनिवारी सोडवायचा, की तो पुन्हा रविवारी चर्चला घालता येतो. १८७२ च्या कायद्याने व्याजाचा दर बांधून दिला: दोन शिलिंगांवर महिन्याला अर्धा पेनी, आणि चिठ्ठीचा अर्धा पेनी वेगळा. पण पाच दिवसांत सोडवलं तरी व्याज पूर्ण महिन्याचं. आता गणित करा. शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे कर्ज २४ पेन्सचं. वर्षात ५२ वेळा तोच सूट ठेवला तर व्याज २६ पेन्स आणि चिठ्ठ्यांचे आणखी २६. मुद्दलाच्या दुपटीहून जास्त पैसे देऊन ते मुद्दल वर्षाच्या शेवटी जिथल्या तिथे. हा हिशेब बाईला कळत नव्हता असं वाटून घेऊ नका, चांगला कळत होता. सोमवारी घरात भाकरीपुरते पैसे नसत, एवढंच.

मुंबईच्या वाचकांना खूष करायचं असेल तर १८६१ ते १८६५ चा काळ घ्या, पण आपल्या बाजूनेच घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध, कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत शेअरांचा धुमाकूळ. बोटीच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते नको. तिथे, लँकेशरमध्ये, गिरण्या बंद पडल्या होत्या, आणि ज्या चालू होत्या त्यांत आपल्याकडचा आखूड धाग्याचा 'सुरती' कापूस पोचत होता. त्याचं सूत सारखं तुटायचं. सूत तुटलं की माग थांबतो, माग थांबला की कापड कमी निघतं, आणि मजुरी कापडाच्या नगावर. काम गेलेल्या बायकांना मदत हवी असेल तर शिवणवर्गात येऊन बसावं लागे. शेकोटीपुढच्या भरतकामाची हौस असेलच तर हे चित्र वापरा.

आता धुणं. इथे जपून. 'सोमवारी बायका एकत्र जमून गप्पा मारत कपडे धूत' एवढंच लिहा आणि पुढे सरका. कारण तपशिलात शिरलात तर ते असं आहे. रविवारी रात्री पांढरे कपडे सोड्याच्या गार पाण्यात भिजत घालायचे. गरम पाणी घातलं तर रक्ताचे आणि अन्नाचे डाग कायमचे बसतात. सोमवारी उजाडायच्या आत परसातल्या विटांच्या चुलाण्यात बसवलेला मोठा हंडा भरायचा आणि खाली कोळसा पेटवायचा. नळ घरात नाही, गल्लीत. धुणं, उकळणं, खळबळणं धरून एका घराला सहज ५० गॅलन पाणी लागतं, म्हणजे सव्वादोनशे लिटर, आणि ते सगळं बादल्यांनी आणायचं, वापरलं की बादल्यांनीच उपसायचं. साबणाची वडी किसून टाकायची. पांढरे कपडे लाकडी पिंपात घालून डॉलीने, म्हणजे दांड्याला खाली पाय असलेल्या तिवईसारख्या लाकडी घुसळणीने, घुसळायचे, मग हंड्यात उकळायचे, मग दोनदा तरी स्वच्छ पाण्यातून काढायचे. इथे आळस केला आणि साबण राहिला तर पुढे निळीत फसगत होते, कारण जुन्या निळीत लोह असे आणि साबणातल्या अल्कलीने ती फुटून इस्त्रीखाली गंजाचे ठिपके उमटत. नीळ ढवळली नाही तर पट्टे. स्टार्च आधी गार पाण्यात कालवून मग त्यावर उकळतं पाणी घालायचं आणि हात थांबू द्यायचा नाही, नाहीतर गाठी. रंगीत कपड्यांच्या पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर, रंग जाऊ नये म्हणून. लोकर कोमट पाण्यातच, नाहीतर नवऱ्याची बंडी धाकट्याला होते. चरकातून पिळताना गुंड्या आतल्या बाजूला घडी करून घ्यायच्या, नाहीतर रोळांत फुटतात. हे सगळं करून कपडे मागच्या गल्लीत दोरीवर घातले की कोळशाची गाडी येते, दोऱ्या उतरवा. गाडी गेली की पाऊस येतो. पाऊस गेला की गिरणीच्या धुराड्याची काजळी येते, आणि चादर पुन्हा पिंपात जाते. मंगळवारी इस्त्री, दोन लोखंडी तुकडे आळीपाळीने विस्तवावर, एक जास्त तापला की सदऱ्याची छाती करपली. आणि गिरणीत जाणाऱ्या बाईला तर सोमवार नसतोच. ती हे रात्री करते, किंवा शनिवारी दोननंतर, किंवा गल्लीतल्या एखाद्या विधवेला पैसे देऊन करून घेते. त्या विधवेनेही सात घरांचे कपडे धुतले आणि आपल्या नावापुढे कोरा रकाना मिळवला. याला 'गप्पा मारत' म्हणतात होय?

असो. तोल सांभाळून पुढे जाऊ.

मुलं गोंडस दाखवा, आणि जगलेलीच मोजा.

१८६० च्या दशकात लग्न झालेल्या बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. शतकाच्या अखेरीला देशात हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास तान्ही मुलं वर्षाच्या आत जात होती. प्रेस्टनमध्ये दोनशेच्या वर. डॉक्टर आणि अधिकारी दोष द्यायचे ते आईला, गिरणीत जाते म्हणून. बाळंतपणानंतर चार आठवडे कामावर घेऊ नये एवढा नियम यायला १८९१ उजाडलं, आणि त्या चार आठवड्यांचा पगार कुणी द्यायचा याबद्दल त्यात काही नव्हतं. सांभाळणारी शेजारीण बाटलीने दूध पाजायची. त्या बाटलीला लांब रबरी नळी, आतून धुताच न येणारी. उन्हाळ्यात त्यात दूध नासायचं आणि जुलाब लागायचे. पोर किरकिर करू लागलं की काकवीत अफू कालवलेलं गॉडफ्रेचं औषध. दुकानदार ते आपापल्या मापाने बनवत, त्यामुळे एका दुकानातल्या चमच्याला जे पोर नुसतं झोपायचं ते दुसऱ्या दुकानातल्या चमच्याने उठायचंच नाही. आणि अफूने झोपलेलं बाळ दूधही मागत नाही. ते उपाशी सुकत जायचं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण पडायचं अशक्तपणा. म्हणून तर घराघरातून विम्याच्या माणसाला आठवड्याला पेनी जाई. पोराला भिकाऱ्याच्या खड्ड्यात पुरावं लागू नये, एवढ्यासाठी.

आणि शेवटी तुमचं ते लाडकं वाक्य: 'तेव्हाचे संसार टिकायचे.'

टिकायचेच ना! मोडायची सोय होती कुठे? १८५७ च्या कायद्याने नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला छळ, सोडून जाणं, दुसरं लग्न असं काहीतरी आणखी लागे. कोर्ट लंडनला. प्रेस्टनच्या विणकरणीने तिकडे जायचं कोणत्या पैशाने? नवऱ्याने मारहाण केली तर स्थानिक मॅजिस्ट्रेटकडून वेगळं राहण्याचा हुकूम मिळण्याची वाट १८७८ साली उघडली. तोपर्यंत काय, टिकत होते संसार. नवरा मेला आणि हात चालेनासे झाले तर वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवायची सरकारी जागा, तिथे दारातच आई एकीकडे आणि मुलं एकीकडे. तेही तुमच्या घरपणातच धरायचं का?

आता सरळच सांगते. तुम्हाला त्या बाईशी काही देणंघेणं नाही. तुम्हाला आजच्या, नोकरी करणाऱ्या बाईला टोमणा मारायचाय, आणि त्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी मेलेली, उत्तर न देणारी एक बाई हवी आहे. मारा टोमणा, पण स्वतःच्या नावावर मारा. तिला खोटी साक्ष द्यायला उभं करू नका. तिचे कागद आहेत. १८३७ पासूनच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, मागवता येतात. पोराच्या जन्मदाखल्यात आईचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं, आणि सही करता येत नसेल तर फुलीही असते. पोराच्या लग्नाच्या नोंदीत मात्र ती सापडणार नाही, तिथे फक्त बापाचं नाव आणि बापाचा धंदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये आईचं नाव त्या नोंदीत घ्यायला २०२१ साल उजाडलं. सरकारला एवढा वेळ लागला, ठीक आहे. तुम्हाला एक संध्याकाळ काढून जनगणनेचं एक पान नीट वाचता येत नाही? खालच्या लॉजरांसकट?