अपडेट बंद करा म्हणे!

‘कॉम्प्युटरवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. विंडोजचा पायाच कच्चा आहे, मॅकला व्हायरस लागत नाही, लिनक्स कधीच कोसळत नाही, जाणकार माणूस विंडोजला हात लावत नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: सिस्टीम कोणतीही असो, अपडेट बंद करा, कारण संगणक अपडेटमुळेच बिघडतो. एरवी वाचून सोडून दिला असता. पण मामाने मेसेजमधल्या सूचनेबरहुकूम खरोखरच अपडेट बंद केलं, आणि वर मलाही तोच सल्ला दिला. त्याचे बँकेचे सगळे व्यवहार त्याच लॅपटॉपवर चालतात.

म्हणून सुरुवात शेवटापासून. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा घातक आहे.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. १२ मेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस नेमका त्याच भगदाडातून जगभर घुसला आणि लोकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. एक मशीन सापडलं की तिथून तो आपणहून पुढच्या मशीनवर जायचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा ऑक्टोबर २०१७ चा अहवाल मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी जरूर वाचावा: लागण झालेल्या संस्थांची विंडोज एकतर अपडेट केलेली नव्हती, नाहीतर तिचा सपोर्टच संपलेला होता. सगळ्यांची दुखरी जागा एकच, आणि उपाय तसा साधा. हातात जवळजवळ दोन महिने होते!

आणखी एक गोष्ट या तज्ज्ञांच्या गावीही नसते. अपडेट आलं की हल्लेखोरही ते उलगडून बघतात. काय बदललं ते कळलं की आधी भोक कुठे होतं तेही कळतं. म्हणजे अपडेट न घेणाऱ्याचं दार कुठून उघडं आहे, हे तोवर सगळ्यांना माहीत झालेलं असतं.

अपडेटने संगणक बिघडतो यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फायलीच उडवल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. पण त्यावर उपाय म्हणजे बॅकअप ठेवा, फार तर आठवडाभर ‘पॉज’ करा. कायमचं बंद कशाला?

आता विंडोजचा कच्चा पाया. पुरावा म्हणून मेसेजमध्ये १९ जुलै २०२४ चा निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळल्यावर दिसणारी स्क्रीन, दाखवलाय. त्या दिवशी सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली, हे खरं. पण पाडली क्राउडस्ट्राइक या बाहेरच्या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष फाइलने. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याच सॉफ्टवेअरने त्याच वर्षी काही लिनक्स मशीनही पाडली होती, ते मेसेजमध्ये नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरला कर्नलपर्यंत, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत, शिरू देणं ही विंडोजची जुनी दुखरी बाजू, आणि ॲपलने २०१९ पासून ती वाट हळूहळू बंद करत आणली, एवढं श्रेय देतो. पण घरच्या विंडोजचा पाया २००१ मध्ये एक्सपी आली तेव्हाच बदलला. त्या एक्सपीच्याही नोंदलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे (ग्राफिक्स कार्ड, प्रिंटर वगैरे चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमुळे) होते, असं २००३ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात आहे. वारंवार निळा पडदा दिसत असेल तर आधी ड्रायव्हर आणि रॅम तपासा.

मॅकला व्हायरस लागत नाही? २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घातक सॉफ्टवेअरने सुमारे सहा लाख मॅक गाठले. तो जावा या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून शिरला. ते भोक जावा बनवणाऱ्या ओरॅकलने फेब्रुवारीत बुजवलं होतं, मॅकसाठीचं अपडेट ॲपलने एप्रिलमध्ये दिलं. फ्लॅशबॅकचं फावलं ते या मधल्या काळात. पुन्हा अपडेटच!

लिनक्सबद्दल थोडक्यात. जगातले सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात, हे बरोबर. पण त्यांच्या दिमतीला पूर्णवेळ माणसं असतात. झोपेतून उठल्यावर वायफाय विसरणाऱ्या लॅपटॉपच्या दिमतीला आपण एकटेच. आणि कधीच कोसळत नसेल, तर डिसेंबर २०२३ मध्ये सिस्टीमडीत (बहुतेक लिनक्स सुरू करून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चक्क निळ्या पडद्याची सोय कशाला केली?

जाणकारांच्या आवडीचं म्हणाल, तर तिचा स्थैर्याशी फारसा संबंध नाही. विंडोज ८ काही रोज कोसळत नव्हती, तरी २०१२ मध्ये स्टार्ट मेन्यू काढला म्हणून लोक खवळले आणि २०१५ मध्ये तो परत आणावा लागला. तुमचं रोजचं सॉफ्टवेअर जिथे चालतं ती सिस्टीम घ्या.

ज्यांनी मामासारखं केलंय त्यांनी विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत जाऊन ‘विंडोज अपडेट’समोरचं ‘डिसेबल्ड’ बदलून ‘मॅन्युअल’ करावं, मग सेटिंग्जमधून अपडेट तपासून मशीन रीस्टार्ट करावं. विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. तेव्हा एकतर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा, नाहीतर ११ वर जा. तेही जमत नसेल तर खुशाल लिनक्स टाका. मात्र तिथेही अपडेट चालू ठेवा.