होम्स जजचा फॉरवर्ड: फौजी बसवला की न्याय सरळ होतो, असं कोण म्हणतं भो?

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर परत तो होम्स जजचा मेसेज फिरतोय. थोडक्यात असा, की अमेरिकेतला ऑलिव्हर वेंडेल होम्स रणांगणावरून थेट जजच्या खुर्चीत बसला, प्रेसिडेंट लिंकनवर पण ओरडला, देशद्रोह्यांना कधी सोडलं नाही, म्हणून आपल्या कोर्टात पण फौजी अधिकारी बसवा, नुसत्या तारखा पडणं बंद.

माणूस फौजी होता, त्यात वाद नाही. अमेरिकन यादवीत कॅप्टन, 1861 ला छातीत गोळी, 1862 ला अँटिएटमच्या लढाईत मानेत, 1863 ला टाचेत, आणि तरी गडी 93 वर्षं जगला.

पण 'थेट' कुठून काढलं? 1864 ला फौज सोडली, मग हार्वर्डला लॉ, वकिली, कायद्यावर लिखाण, आणि 1882 ला मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च कोर्टात जज, सुप्रीम कोर्ट तर 1902 ला. मधली 18 वर्षं मेसेजवाल्याने गिळून टाकली. आपल्याकडे पण हायकोर्टाचा जज व्हायला कलम 217 प्रमाणे 10 वर्षं हायकोर्टात वकिली नाहीतर 10 वर्षं न्यायिक पद लागतं, खांद्यावरचे स्टार त्यात धरत नाहीत.

लिंकनचा किस्सा भारी आहे, पण छापून आला कित्येक दशकांनी, इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. सोडा.

देशद्रोह्यांचं म्हणाल तर अर्धंच खरं. मार्च 1919 ला युद्धविरोधी भाषणासाठी समाजवादी नेता युजीन डेब्सची 10 वर्षांची शिक्षा कायम करणारा निकाल यानेच लिहिला, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात, रशियात सैन्य पाठवू नका अशी पत्रकं वाटणाऱ्यांना 20 वर्षांपर्यंत शिक्षा ठोकल्या तेव्हा बाकी 7 जज एकीकडे आणि हा ब्रँडाइस नावाच्या दुसऱ्या जजबरोबर विरोधात, म्हणे मतं मोकळी भिडू द्या. हे मेसेजमध्ये कसं येईल!

आणि जे खरं वाचायला पाहिजे तेच नाही त्यात. 1927, व्हर्जिनियाची कॅरी बक, गरीब पोरगी, तिला मतिमंद ठरवून नसबंदी करायची होती सरकारला. होम्सने परवानगी दिली, आणि कारण काय, तर देश चांगल्या नागरिकांचे जीव मागतो, मग अशा लोकांकडून एवढा छोटा त्याग का मागू नये. हा विचार सरळ छावणीतून आलेला वाटतो मला. तीन पिढ्या मतिमंद, बस झालं, असं पण लिहिलं त्याने, आणि त्यातली तिसरी पिढी म्हणजे कॅरीची लेक व्हिव्हियन, तिचं नाव पुढे शाळेच्या हुशार पोरांच्या यादीत होतं.

खान्देशाने तर हा प्रयोग बघितलाय राव. 1818 ला पेशवाई गेल्यावर धुळ्याला कॅप्टन ब्रिग्ज आला, वसुली, पोलीस, न्याय, सगळं एकाच फौजी हातात. ते कंपनीचं राज्य बसवायला होतं, आपल्या बांधाच्या भांडणाचा निकाल लवकर लागावा म्हणून नाही.

फौजी अनुभव लागतो तिथे सोय आहेच, 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणात हायकोर्टाच्या जजबरोबर लष्कराचा मोठा निवृत्त अधिकारी बसतो. बाकी तारखा पडतात त्यात रिकाम्या जजच्या जागांचा मोठा हात आहे. फॉरवर्ड करायचंच असेल तर ते करा.